कोकणच्या वाटेवर सायकलचा जमाखर्च

नकाशा पुढे पसरून अंतरे मोजावयास बसले की कोकणची किनारपट्टी फार सोपी भासते. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री आणि मधली पट्टी जेमतेम पन्नास किलोमीटर रुंदीची. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने खाली उतरत जावयाचे, यात अवघड ते काय, असे कोणासही वाटावे.

काही वर्षांपूर्वी आम्हा तिघा सहकाऱ्यांचाही असाच समज होता. दापोलीजवळील मुरुडहून पहाटे सायकलीने निघून त्याच दिवशी गणपतिपुळे गाठावे, असा बेत आम्ही आखला. अंतर शंभर किलोमीटरच्या घरात होते आणि सपाट रस्त्यावर तेवढे अंतर आम्ही अनेकदा कापलेले होते. प्रत्यक्षात सायंकाळी दुसऱ्या खाडीच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा अखेरची फेरीबोट पैलतीराकडे निघून गेली होती. पाणी संपले होते आणि एका मित्राच्या पायांत गोळे येऊन त्यास उभे राहणेही अशक्य झाले होते. धक्क्याजवळच्या घरातील एका आजींनी आम्हांस पडवीत आश्रय दिला, पेज दिली. आमचे अंतर बरोबर होते, हिशेब मात्र चुकला होता. तो का चुकला, हे समजून घेणे प्रत्येक सायकलस्वारास उपयोगी ठरेल.

नद्या आडव्या, रस्ता उभा

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या कोकणातील नद्या आखूड आणि वेगवान आहेत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, कर्ली या साऱ्या पूर्वेकडून पश्चिमेकडे धावतात आणि मुखाशी भरतीचे पाणी आत घेऊन खाडीचे रूप धारण करतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सपाट माथ्याचे पठार असते. त्यासच कोकणात सडा म्हणतात. त्याची उंची साधारण शंभर मीटरच्या आसपास, तर काही ठिकाणी त्याहूनही अधिक असते.

किनाऱ्याचा रस्ता उत्तर-दक्षिण जातो, म्हणजे प्रत्येक नदीस आडवा जातो. साहजिकच सड्यावर चढावयाचे, खाडीशी उतरावयाचे आणि पुन्हा चढावयाचे, हा क्रम दिवसभर चालू राहतो. कोकण रेल्वेने हा प्रश्न पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे बांधून सोडविला. करबुडे येथील बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. सायकलस्वारास मात्र तोच प्रश्न पायांनी सोडवावा लागतो.

चढाचा खर्च, उताराचा परतावा

स्वार, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो वजन धरू. हे वजन शंभर मीटर उंच नेण्यास जे श्रम पडतात, तेवढ्याच श्रमांत सपाट रस्त्यावर संथ गतीने सहा ते सात किलोमीटर जाता येते. दिवसभरात असे दहा चढ आले, तर साठ किलोमीटरचा प्रवास सपाटीवरील सव्वाशे किलोमीटरच्या बरोबरीचा होतो. उतारावर या खर्चाचा परतावा मिळतो, परंतु तो पूर्ण कधीच मिळत नाही. वळणांमुळे ब्रेक लावावे लागतात, वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि कमावलेली उंची उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते.

म्हणून या वाटेवर दिवसाचा बेत किलोमीटरवर न आखता एकूण चढावर आखावा. नवख्याने दिवसास चाळीस-पन्नास किलोमीटर आणि सरावलेल्याने साठ-सत्तर किलोमीटर पुरेसे मानावेत. मोबाईलवरील नकाशांत मार्गाची चढ-उताराची रेषा पाहता येते, ती आदल्या रात्री अवश्य पाहावी.

सायकल महागडी असण्याची गरज नाही, तिला हलका गिअर मात्र हवा. पुढील चक्रास तीस आणि मागील चक्रास चौतीस दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एका फेऱ्याहूनही कमी फिरते आणि आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर अंतरात आठ मीटर उंची, बसूनच पार करता येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता थोडा वेळ लावावेत, थोडा वेळ सोडावेत, म्हणजे ते फार तापत नाहीत. खाऱ्या हवेने साखळी लवकर गंजते, म्हणून दररोज ती पुसून तेल द्यावे.

खाडीची वेळ

राजपुरी खाडीत आगरदांडा ते दिघी, बाणकोट खाडीत बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी वाहनांसह माणसांची ने-आण करीत आल्या आहेत. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत मोठ्या खाड्यांवर पुलांचा समावेश आहे. त्यामुळे कोठे बोट चालू आहे आणि तिची अखेरची फेरी किती वाजता आहे, हे आदल्या दिवशीच स्थानिकांस विचारून घ्यावे. बोट चुकली, तर मोठा वळसा पडतो, आणि तोही चढाचाच!

खोऱ्यांचा दिलासा

पाय थकले असतील, तर किनारा सोडून आत वळावे. खोऱ्यातील रस्ता नदीस आडवा न जाता तिच्या सोबतीने जातो, म्हणून तेथील चढ सौम्य असतात. महाडपासून सावित्रीच्या, संगमेश्वरपासून शास्त्रीच्या किंवा कुडाळपासून कर्लीच्या खोऱ्यात भातखाचरे, पोफळीच्या बागा आणि कौलारू वाड्या पाहत निवांत जाता येते. कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर मंदिर तर वाट वाकडी करून पाहण्याजोगे आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील अवजड वाहतूक मात्र शक्यतो टाळावी.

केव्हा आणि कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत दुपारनंतर वायव्येकडून वारा येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेस जाणाऱ्यास तो पाठीशी लाभतो. पावसाळा मात्र वर्ज्य मानावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले. या खोऱ्यांत पाणी किती वेगाने चढते, याची ही उदाहरणे आहेत.

मुंबईहून येणाऱ्यांस भाऊचा धक्का ते मांडवा ही २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो सेवा सोयीची आहे. बडोदा, बंगळूर किंवा दिल्लीकडील वाचकांनी रेल्वेने यावयाचे ठरविल्यास सायकल सामानाच्या डब्यात नोंदवून आणावी. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ ही स्थानके आरंभास योग्य आहेत. सड्यावर मैलोगणती दुकान नसते, म्हणून किमान दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ जवळ असावे. मोबाईलने पैसे देण्याची सोय आता खेडोपाडी पोहोचली आहे, तथापि खाडीकाठी संपर्क तुटतो, तेव्हा खिशातील सुटे पैसेच कामास येतात.

पुढील वर्षी आम्ही तोच मार्ग दोन दिवसांत पूर्ण केला. पहिला मुक्काम गुहागरला केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच धक्क्यावर पोहोचलो. आजींच्या हाती मिठाईचा पुडा दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "या खेपेस लवकर आलात हो!" तोच खाडीवरून बोटीचा भोंगा ऐकू आला. बोट सुटावयास अद्याप अवकाश होता आणि आमच्या पायांतही पुढच्या सड्यापुरती शिल्लक होती.