बॅग किती लिटरची घेऊ, भो?

मल्टी-डे ॲडव्हेंचर रेस करायची म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात: "बॅग किती लिटरची घेऊ, भो?" मीपण हाच विचारला होता. पन्नास लिटरची घेतली आणि पस्तावलो. म्हणून आजचा भाग फक्त बॅगेवर.

आधी गोष्ट सांगतो. फेब्रुवारी संपत आला होता. आम्ही तिघं सरावाला निघालो. पहिल्या दिवशी जळगावहून पाचोरामार्गे चाळीसगाव, सायकलवर, साधारण शंभर किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढायचं. अकरा वाजले आणि ऊन चटकायला लागलं. आमचा एक मित्र मागे पडायला लागला. डोकं दुखतंय म्हणाला, मग मळमळतंय म्हणाला, मग पाय लटपटायला लागले. सावलीत बसवलं, शर्ट ओला केला, आमच्या बाटलीत ओआरएस कालवून घोट घोट पाजलं. तासाभराने त्याला बरं वाटलं आणि आम्ही परत फिरलो.

खाली एका शेताच्या बांधावर बाबा बसले होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "इतली मोठी बॅग, आनि पानी कोठे शे?"

मित्राने बॅग उघडली. वर जॅकेट, मग कपडे, मग टॉर्च, आणि तळाशी एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. दोन्ही भरलेल्या! पाणी पाठीवरच होतं. पण ते काढायचं म्हणजे बॅग उतरवायची, आणि आम्ही दोघं पुढे जातोय म्हणून तो थांबतच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम एकच: चालता-चालता जिथे हात पोचत नाही, तिथली वस्तू आपल्याकडे नाही असं धरायचं. बॅग याच नियमावर निवडायची. लिटर नंतर.

आता लिटरचं बघू. ॲडव्हेंचर रेस म्हणजे पायी, सायकल, पाण्यातला टप्पा, सगळं टीमने एकत्र करायचं. आपल्याकडे पुण्याची एन्ड्युरो३ ही २००३ पासूनची रेस, तिघांची टीम असते. अशा बऱ्याच रेसमध्ये एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो त्या ठिकाणी आयोजक तुमचं जास्तीचं सामान पोचवतात. त्याला ट्रान्झिशन म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, पाचशे किलोमीटरच्या वर चाल, साधारण महिनाभर. वारकरी अंथरूण-पांघरूण डोक्यावर घेऊन चालतात का? नाही. ते दिंडीच्या ट्रकमध्ये. खांद्याला फक्त पडशी. तुमची बॅग म्हणजे ती पडशी आहे, ट्रक नाही.

म्हणून रेसचे नियम आधी वाचा. मधे सामान मिळणार असेल तर २० ते ३० लिटर पुरते. सगळं स्वतःच वाहायचं असेल तर ३० ते ३५. सहारा वाळवंटात १९८६ पासून होणाऱ्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये सुमारे २५० किलोमीटर जायचं असतं आणि जेवण स्वतःचं न्यायचं असतं. तिथेसुद्धा पाणी सोडून बॅग साडेसहा ते पंधरा किलोमध्ये बसवायचा नियम राहिलाय. आणि हो, बॅग मोठी असली की ती भरलीच जाते. रिकाम्या जागेत आपण भीती भरतो: अजून एक शर्ट, अजून एक चार्जर.

दुसरं, पाठीचं माप. हे बहुतेक जण घेतच नाहीत. मान पुढे झुकवली की मानेच्या खाली एक हाड वर येतं, तिथून टेप धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांच्या मधोमध टेप संपवा. हे तुमच्या पाठीचं माप. उंचीवरून अंदाज बांधू नका, सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या असतात. बॅगची पाठ जास्त लांब असली तर कमरेचा पट्टा खाली घसरतो आणि सगळं ओझं खांद्यावर येतं. पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही.

तिसरं, पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, इथे सूट नाही. आपल्या उन्हात मेहनत करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून पुढच्या पट्ट्यांवर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या बसतील अशीच बॅग घ्या, आणि पाठीमागे दीड-दोन लिटरच्या पाण्याच्या पिशवीला कप्पा. नुसत्या नळीच्या पिशवीवर विसंबू नका, कारण किती उरलंय ते दिसत नाही. नळीत थांबलेलं पाणी उन्हात चहासारखं तापतं. पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी परत आत ढकला. ओआरएसचं पाकीट कमरेच्या खिशात, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं. टीममधलं कोणी उन्हात भलतंसलतं बोलायला लागलं, तर तो उष्माघात असू शकतो. रेस तिथेच थांबवा, अंग गार करा, १०८ ला फोन लावा.

भरताना जड सामान पाठीला चिकटून, मधल्या भागात. हलकं तळाशी. रेनकोट सगळ्यात वर. आतून जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सायकलवर बाहेरचं कव्हर वाऱ्याने उडतं. खाणं खिशात: राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचे लाडू. जळगावचे असलो तरी पिकलेली केळी बॅगेत नको, एकदा धुऊन बघा म्हणजे कळेल.

शेवटचं, चाचणी. दुकानात रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते. घरून पिठाची पाच किलोची पिशवी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन जा, बॅगेत भरा, जिना चढा-उतरा. ऑनलाइन मागवली असेल तर लेबल न काढता हेच घरात करा. सायकलवर वाका आणि मान वर करा. हेल्मेट बॅगला लागतंय? मग ती बॅग तुमची नाही. घेतल्यावर धुळेकरांनी लळिंगचा किल्ला चढावा, जळगावकरांनी मेहरूण तलावाला फेऱ्या माराव्यात, पूर्ण वजनासकट, किमान तीन-चार तास. कुठे घासतंय ते पहिल्या तासात कळत नाही, घामाचं मीठ साचलं की कळतं.

त्या मित्राकडे आता २५ लिटरची बॅग आहे. पुढच्या दोन्ही बाटल्या कायम छातीवर. दर वीस मिनिटांनी त्याच्या घड्याळाचा अलार्म वाजतो आणि आम्ही तिघंही एक-एक घोट घेतो. कोणाला थांबावं लागत नाही.

तर भो, आधी टेप काढा, पाठ मोजा, मग दुकानात जा. भेटू पुढच्या भागात.