ऐच्छिक महिन्यांची सक्ती

मार्च महिन्यातील तिसऱ्या शुक्रवारी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत अंतिम वर्षाचे विद्यार्थी निकालाची वाट पाहत उभे असतात. पुढील तीन ते सात वर्षे कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात आणि वैद्यकाच्या कोणत्या शाखेत निवासी डॉक्टर म्हणून काढावयाची, हे त्या दिवशी त्यांना कळते. विद्यार्थ्यांचा पसंतिक्रम आणि रुग्णालयांचा पसंतिक्रम एकमेकांशी ताडून पाहणारी ही ‘मॅच’ नावाची व्यवस्था १९५२ पासून चालत आली आहे. तिची १९९८ पासून वापरात असलेली रीत ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली नव्याने बांधली गेली; पुढे २०१२ साली त्यांना लॉईड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता. २०२४ च्या जुळणीत ४१,५०३ जागांसाठी ५०,४१३ उमेदवारांनी नावे नोंदविली होती. म्हणजे पाच उमेदवारांमागे साधारण चार जागा. हे प्रमाण सर्व शाखा मिळून आहे. अस्थिशल्य, त्वचारोग, मेंदूची शस्त्रक्रिया, सुघटनशल्य, कान-नाक-घसा अशा मोजक्या शाखांच्या दाराशी जी गर्दी होते, ती या सरासरीत दिसत नाही.

ही गर्दी पार करावयाची तर विद्यार्थ्याच्या हाती असलेले एक महत्त्वाचे साधन म्हणजे चौथ्या वर्षातील ‘इलेक्टिव्ह’, अर्थात ऐच्छिक प्रशिक्षण. तिसऱ्या वर्षात मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मनोविकार इत्यादी वॉर्ड सर्वांना सक्तीने फिरावे लागतात. चौथ्या वर्षात मात्र बरेच महिने मोकळे असतात आणि ते कोठे घालवावयाचे हे विद्यार्थी स्वतः ठरवितो. पुढे जी शाखा पत्करावयाची तिच्याबाहेरचे काही पाहून घ्यावे, जे शिकावयाचे राहिले ते भरून काढावे, हा या मोकळीकीचा एक मूळ हेतू. व्यवहारात स्पर्धेच्या शाखांमध्ये तो हेतू मागे पडला आहे. परक्या रुग्णालयात चार आठवडे राबून स्वतःला दाखवून यावयाचे, असे स्वरूप इलेक्टिव्हला आले आहे. नाट्यक्षेत्रात नटाची चाचणी घेतात त्यासाठी जो शब्द आहे, तोच अमेरिकेतील विद्यार्थी या महिन्यांसाठी वापरतात. यावरून काय ते समजावे.

या घसरणीला अलीकडे आणखी एक कारण मिळाले. परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जाहीर करण्याची पद्धत जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली आणि केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच शेरा राहिला. हेतू चांगला होता. एका परीक्षेच्या आकड्यावर सारे आयुष्य टांगून ठेवू नये, अशीच त्यामागची भावना होती. परंतु चाळणी काढून घेतली म्हणून धान्य थोडेच कमी होते? निवड करणाऱ्यांना काही ना काही चाळणी हवीच. मग दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेचे गुण, संशोधनाचे निबंध, शिफारसपत्रे आणि प्रत्यक्ष पाहिलेला उमेदवार यांचे वजन वाढले. त्यात २०२० च्या साथीपासून मुलाखती बहुतांशी दूरदर्शी पडद्यावरच होऊ लागल्याने उमेदवाराला विभाग आणि विभागाला उमेदवार समक्ष दिसण्याचा प्रसंग पुष्कळदा इलेक्टिव्हपुरताच उरला.

या महिन्यांची आखणी बाहेरून वाटते तितकी सोपी नाही. अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस रुग्णालयांपुढे जातात. शिफारसपत्रे तोवर पोहोचावयाची, तर ज्यांच्याकडून ती मिळवावयाची त्यांच्या हाताखाली जून ते ऑगस्टमध्येच काम झालेले असले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये केलेले काम पत्राच्या दृष्टीने उशिराचे ठरते. विभागाच्या स्मरणात राहण्यास मात्र ते उपयोगी पडते. याच अवधीत दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेसाठीही महिनाभर काढावा लागतो. तेव्हा हिशेबाचे महिने तीन-चारच उरतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. पहिला महिना आपल्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या शाखेत घालविणे शहाणपणाचे. कारण चुका करावयाच्याच तर त्या ओळखीच्या माणसांत कराव्यात, आणि टाके घालणे, पट्टी बदलणे, सकाळच्या राउंडपूर्वी रुग्णांची माहिती गोळा करणे या गोष्टी हातात बसल्यावर मग परगावी जावे. ज्या रुग्णालयावर मन जडले आहे तेथे सर्वांत आधी जाण्याची घाई अनेकांना नडते. उलट, ज्या विभागात प्रवेशाची आशाच नाही, अशा नामांकित ठिकाणी केवळ नावासाठी महिना दवडणे हीही चैनच म्हणावी लागेल.

चार आठवड्यांत पारखले जाते ते काय? पुस्तकी ज्ञान काही अंशी जोखले जाते हे खरे, परंतु प्रत्येक विद्यार्थी वाचून आलेला असतोच. पहाटे पाचला वॉर्डात कोण आधी आले, नाइट ड्यूटीनंतर कोणाचा आवाज चढला, परिचारिकेशी कोण कसे बोलले, ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे कोणी सांगितले, हे निवासी डॉक्टर पाहत असतात आणि विभागप्रमुखाला सांगत असतात. ज्याच्याबरोबर पाच वर्षे रात्री जागावयाच्या, तो माणूस कसा आहे हे पाहणे गैर नाही. तथापि या पारखीला दुसरी बाजू आहे. संकोची पण कुशल विद्यार्थ्याला चार आठवडे अपुरे पडतात. बोलक्याला ते पुरेसे होतात. पुष्कळदा चांगल्या गुणांचा उमेदवार जाऊन पाहिल्यामुळेच नापसंत होतो, आणि न जाता केवळ अर्ज केला असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटते. शिवाय सतत कोणी पाहत आहे या जाणिवेत माणूस शिकतो कमी आणि वागतो अधिक. रुग्णापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे अर्धे लक्ष रुग्णाकडे व अर्धे मागे उभ्या असलेल्या वरिष्ठाकडे असेल, तर त्या महिन्याला प्रशिक्षण म्हणावे काय, हा प्रश्न तेथील वैद्यकीय शिक्षकांनीच विचारावयास हवा.

पैशाचा प्रश्न याहून कठीण आहे. परगावी महिनाभर खोली भाड्याने घ्यावयाची, विमानाचे भाडे भरावयाचे, अर्जाचे शुल्क द्यावयाचे, आणि स्वतःच्या महाविद्यालयाची फी तर चालूच. हा सारा खर्च बहुधा कर्जातून होतो. बापाची ऐपत असलेला विद्यार्थी तीन ठिकाणी जातो आणि ऐपत नसलेला एका ठिकाणी. काही विभागांनी गरीब वा उपेक्षित समाजातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी या महिन्यांकरिता विद्यावेतने ठेवली आहेत. तो उपाय योग्य दिशेचा आहे, पुरेसा नाही. सर्वांत अडचणीत सापडतो तो ज्याच्या महाविद्यालयात त्या शाखेचा निवासी विभागच नाही असा विद्यार्थी. त्याला घरची ओळख नाही आणि घरचे पत्रही नाही. परगावी जाणे त्याच्या दृष्टीने ऐच्छिक राहतच नाही. २०२० मध्ये साथीमुळे अशा दौऱ्यांवर बंधन आले तेव्हा मुख्यतः अशाच विद्यार्थ्यांना अपवाद करण्यात आला, आणि पुढील वर्षी सामान्यतः एकाच दौऱ्याची मर्यादा सुचविली गेली. त्या दोन वर्षांतही निवासी डॉक्टर निवडले गेलेच. तेव्हा हे दौरे ही व्यवस्थेची गरज किती आणि सवय किती, याचा विचार करण्यास त्या दोन वर्षांनी चांगली संधी दिली होती. बंधने सैल होताच दौरे पुन्हा सुरू झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ साली लागू केलेल्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हचा प्रथमच समावेश झाला. मूळ योजनेत त्यासाठी दोन महिने ठेवले होते: एक भाग प्रयोगशाळेत वा संशोधकाच्या हाताखाली, दुसरा रुग्णविभागात किंवा ग्रामीण वा शहरी वस्तीत. कल्पना सुंदर आहे. परंतु आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश ‘नीट’च्या क्रमांकावर ठरतो, विद्यार्थ्याने इलेक्टिव्हमध्ये काय केले हे तेथे कोणी विचारीत नाही. परिणामी तेथे जे महिने चाचणीच्या दडपणाखाली दबून जातात, तेच येथे क्लासच्या टिपणांखाली दबण्याचा धोका आहे. वार्डात हजेरी लावून ग्रंथालयात परतणारा इंटर्न हे आपल्या रुग्णालयांतील परिचित दृश्य आहे, आणि त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. तरीही आपल्या पद्धतीत एक लाभ आहे, तो असा की या महिन्यांवर कोणाची नजर नाही. अस्थिशल्याकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीला त्या काळात रक्तपेढीत बसता येते किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी क्षयरोग्यांच्या घरी जाता येते, आणि तेथे ती कोणाला आवडली की नाही याने तिचे काही बिघडत नाही.

मुंबई-पुण्याहून अमेरिकेतील निवासी जागेसाठी प्रयत्न करू पाहणाऱ्यांपुढे मात्र दोन्हीकडची ओढाताण असते. तेथील रुग्णालये रुग्णाला हात लावू देणारे इलेक्टिव्ह साधारणतः पदवी हाती पडण्यापूर्वीच देतात. पदवीनंतर बहुधा नुसते निरीक्षक म्हणून मागे उभे राहावे लागते आणि अशा निरीक्षणावर मिळालेल्या पत्राला तेवढे मोल नसते. त्यामुळे कोणती शाखा आणि कोणता देश, हा निर्णय शिक्षण चालू असतानाच घ्यावा लागतो. अर्ज, परवाना-परीक्षेचा पहिला टप्पा, महाविद्यालयाची संमती आणि प्रवासाचा खर्च ही सर्व तयारी एक-दीड वर्ष आधी सुरू करावी लागते. हे वेळेवर सांगणारे कोणी घरात वा महाविद्यालयात असले तर ते जमते. वडील शिक्षक किंवा कारकून असलेल्या मुलाला ते पुष्कळदा इंटर्नशिप संपल्यावर कळते.