टाळी कुणाला वाजवायची?

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपले नव्हते. रविवार असल्यामुळे वाळूजच्या कंपन्यांत जाणारी बरीच पोरे घरी होती. शेजाऱ्यांनी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना. एमबापेने एकट्याने तीन गोल केले, तरी फ्रान्स पेनल्टीवर हरला आणि कप मेस्सीच्या हातात गेला. सामना संपला, पण गल्लीतला वाद संपला नाही. अर्धी पोरे मेस्सीची, अर्धी एमबापेची, आणि एकजण कोपऱ्यात बसून सारखे रोनाल्डोचे नाव घेत होता.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळायची. तिने विचारले, "पप्पा, तुमच्या मते सगळ्यात मोठा खेळाडू कोण?"

मी म्हणालो, "नुसता मोठा म्हणू नको. कशात मोठा, ते आधी सांग."

"हे काही उत्तर नाही झालं," असे म्हणून ती झोपायला गेली. तिचे खरेच होते. त्या रात्री न दिलेले उत्तर आज लिहीत आहे. मी काही क्रीडा समीक्षक नाही. आयुष्य मशीनवर गेलेला कामगार आहे. पण शाळकरी वयापासून सामने बघत आलो, मिळेल ते वाचत आलो. ही मते माझी स्वतःची आहेत. वाचकांना पटली नाहीत तर त्यांनी खुशाल भांडावे.

एक माणूस, दोन गोल

१९८६ साली औरंगाबादेत आमच्या वस्तीत एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. त्यावर मी पहिल्यांदा मॅराडोना पाहिला. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्याने दोन गोल केले. पहिला चक्क हाताने. पंचाला दिसले नाही म्हणून तो गोल ठरला. त्यानंतर चार मिनिटांनी त्याने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू उचलला, एकामागून एक खेळाडू चुकवत गेला, शेवटी गोलरक्षकालाही बाजूला टाकले आणि गोल केला. तसा गोल मी पुन्हा पाहिला नाही.

लोक म्हणतात, दुसरा गोल इतका सुंदर होता की पहिला माफ. मला हे कधी पटले नाही. काहीजण उलटे म्हणतात, की ज्याने हाताने गोल केला त्याचे कौतुक कशाला? तेही पटले नाही.

माझी माय दोन वह्या ठेवायची. एक किराणा दुकानाच्या उधारीची, दुसरी बायकांच्या भिशीची. तिला लिहिता येत नव्हते, आम्हा पोरांकडून लिहून घ्यायची. पण एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीत जाऊ द्यायची नाही. भिशीत पैसे भरले म्हणून वाण्याची उधारी फिटत नाही, आणि उधारी थकली म्हणून भिशीत भरलेले पैसे बुडत नाहीत. खेळाडूच्याही अशाच दोन वह्या असतात असे माझे मत आहे. मैदानावर काय केले ती एक, आणि माणूस म्हणून कसा वागला, कुणासाठी उभा राहिला ती दुसरी. दोन्ही वाचाव्यात, पण एकीने दुसरी खोडू नये.

पेले आणि गारिंचा

आता पेलेचे बघा. गरिबाघरचा काळा पोरगा, लहानपणी बूटपॉलिश केलेला. १९५८ साली सतराव्या वर्षी विश्वचषक जिंकला, पुढे १९६२ आणि १९७० साली पुन्हा. खेळाडू म्हणून तीन विश्वचषक दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. पहिली वही काठोकाठ भरलेली. दुसरी मात्र मला थोडी रिकामी वाटते. ब्राझीलमध्ये १९६४ पासून २१ वर्षे लष्कराचे राज्य होते. लोक तुरुंगात जात होते, आणि ज्याचा शब्द साऱ्या जगाने ऐकला असता तो पेले गप्प राहिला. मी त्याला शिव्या देणार नाही. उपाशी घरातून वर आलेल्या माणसाला हातचे जाईल ही भीती किती असते, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण गप्प राहिला हे वहीत लिहावे लागेल.

त्याचा जोडीदार गारिंचा. दोन्ही पाय वाकडे, आणि तेही एकाच दिशेला. कापडगिरणीत काम करणारा मुलगा. १९६२ साली पेले जखमी होऊन बसला, तेव्हा ब्राझीलला कप मिळवून दिला तो गारिंचाने. हे दोघे एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकही सामना हरला नाही. असा हा माणूस दारूने संपला. १९८३ साली गेला तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. आपल्या वस्तीत तालमीत आणि मैदानात चमकलेली किती पोरे अशीच गेली, ते मोजायला बोटे पुरत नाहीत. गारिंचाचे पोस्टर लावणाऱ्याने हेही घरात सांगावे.

४२ नंबरची जर्सी

बेसबॉल आपल्याकडे कुणी फारसा खेळत नाही. हातात गोल दंडुका, चेंडू टप्पा न पडता अंगावर येतो, आणि मारला की चार कोपऱ्यांवरून पळत परत जागेवर यायचे. अमेरिकेत हा खेळ म्हणजे आपल्याकडचा क्रिकेटच. पण १८८० च्या दशकापासून पुढे साठ वर्षे तिथल्या मोठ्या संघांत काळ्या माणसाला घेत नव्हते. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. गावात पाणवठ्यावर कुठे पाटी लावलेली असते? सगळ्यांना माहीत असते, एवढेच.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि ही वहिवाट मोडली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याला घेणाऱ्या ब्रँच रिकी यांनी आधीच बजावले होते, की सुरुवातीला लोक शिव्या देतील, अंगावर चेंडू मारतील, तू उलट हात उचलायचा नाही. एकाने हात उचलला तर मागे येणाऱ्या सगळ्यांचे दार बंद होईल. रॉबिन्सनने ते गिळले आणि उत्तर बॅटने दिले. १९४९ साली आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९५५ साली त्याचा संघ अजिंक्य ठरला. तोंडाला घातलेले कुलूप निघाल्यावर तो बोललाही भरपूर, आणि नागरी हक्कांच्या लढ्यात पुढे राहिला.

१९९७ साली त्याचा ४२ नंबर सगळ्या मोठ्या संघांनी कायमचा राखून ठेवला. आता दर १५ एप्रिलला प्रत्येक खेळाडू, गोरा असो की काळा, ४२ नंबर घालून खेळतो. आपले १४ एप्रिलचे निळे झेंडे अजून उतरलेले नसतात, तेवढ्यात तिकडे हा दिवस उजाडतो.

पण याच रॉबिन्सनने १९६० च्या निवडणुकीत निक्सनला पाठिंबा दिला होता. पुढे त्याला त्याचा पस्तावा झाला. म्हणून मैदानावरचा १५ एप्रिल १९४७ पुसायचा का? नाही. आणि १९६० झाकायचे का? तेही नाही.

दुसऱ्या वहीसाठीच ज्याचे नाव घ्यावे असा आणखी एक बेसबॉलपटू म्हणजे कर्ट फ्लड. तेव्हा मालक खेळाडूला न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकत असे. १९६९ साली फ्लडला असेच दुसरीकडे पाठवले, तेव्हा तो नाही म्हणाला आणि कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारा माणूस. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला खेळातून निवृत्त झालेला रॉबिन्सन आला, पण खेळणाऱ्यांपैकी कुणी आले नाही. १९७२ साली फ्लड सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याचा खेळ संपला. तीन वर्षांनी एका लवादाने तो नियम मोडला आणि पुढच्या खेळाडूंना करोडो मिळाले. एमआयडीसीत ज्याने कधी ठेकेदाराला नाही म्हणून पाहिले असेल, त्याला फ्लड समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या घरातला वाद

आता घरचा विषय. पालवणकर बाळू हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात क्रिकेटच्या मैदानावर झाडलोट करायला आणि रूळ फिरवायला महिना तीन-चार रुपयांवर लागला. गोऱ्या साहेबांना सराव म्हणून बॉलिंग टाकता टाकता तयार झाला. हिंदू संघाला त्याच्याशिवाय जिंकता येईना, म्हणून त्याला घेतले. मैदानावर त्याने हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या सुट्टीत मात्र चहा मांडवाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले नाही. धाकटा भाऊ विठ्ठल मात्र १९२३ साली कर्णधार झाला आणि जिंकून आला.

तरुणपणी मी बाळूचे नाव निघाले की तोंड फिरवायचो. कारण १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत हाच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला होता. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरला. माझ्या दृष्टीने तिथे विषय संपला होता.

माझे वडील, अण्णा, तरुणपणी गावच्या क्रिकेट संघात बॉलिंग टाकायचे. हे मला माहीत होते, पण खेळ का सोडला ते त्यांनी कधी सांगितले नव्हते. एकदा मी बाळूबद्दल काहीबाही बोललो, तेव्हा ते बोलले. एका सामन्यात त्यांनी सात गडी बाद केले होते. सामना संपल्यावर सगळ्यांना कपबशीत चहा आला. अण्णांना आला तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून काढलेला. अण्णा चहा न घेता घरी आले. पुढच्या रविवारी पोरे बोलवायला आली. अण्णा म्हणाले, "कप सारखे करा, येतो." कप सारखे झाले नाहीत. अण्णांनी पुन्हा चेंडू हातात धरला नाही.

मी म्हणालो, "मग तर तुम्ही बाळूपेक्षा मोठे. त्यानं ते भांडं तोंडाला लावलं, तुम्ही नाही लावलं."

अण्णा चिडले. "शहाणपणा करू नको. मी सोडलं, पण माझ्यामागून त्या टीममध्ये आपला एक पोरगा गेला नाही. बाळू टिकला म्हणून त्याचा भाऊ कॅप्टन झाला. आणि निवडणुकीचं म्हणशील, तर बाबासाहेबांनी त्याला निवडणुकीत हरवलं. बॉलिंगमध्ये नाही हरवलं."

पुढे रामचंद्र गुहा यांच्या क्रिकेटच्या इतिहासात वाचायला मिळाले, की इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूचा सत्कार केला, आणि त्याचे मानपत्र लिहिणारे तरुण विद्यार्थी म्हणजे खुद्द भीमराव आंबेडकर. ज्याचे मानपत्र लिहिले, त्याच्याविरुद्ध पंचवीस वर्षांनी निवडणूक लढवली. राजकारण चुकले म्हणून बॉलिंग खोटी ठरत नाही, आणि बॉलिंग चांगली म्हणून मत द्यायचे नसते. दोन वह्यांची गोष्ट ती हीच. मी ती मायकडून ऐकली होती, पण बाळूच्या बाबतीत अण्णांनी सांगेपर्यंत कळली नव्हती.

आपल्या पोरांना काय सांगायचे?

आज आपल्या घरातली मुले टीव्हीवरच्या खेळाडूंना डोक्यावर घेतात. घेऊ द्यावे. खेळ बघून आनंद झाला नाही तर बघायचा कशाला? पण आईबापांनी दोन गोष्टी कराव्यात. आवडता खेळाडू चुकीचे वागला तर त्याच्या वतीने घरात खोटे बोलू नये. आणि नावडत्या माणसाने चांगला खेळ केला तर हात खिशात ठेवू नयेत. आपला म्हणून चूक झाकली, परका म्हणून गुण झाकला, तर आपण त्या तुटक्या कानाच्या कपापेक्षा वेगळे काय केले?

मुलीला हे सगळे मी नंतर सांगितले. तिने रॉबिन्सन लक्षपूर्वक ऐकला, बाळू ऐकला, फ्लडचे दोनदा विचारले. मग म्हणाली, "आणि अण्णा? त्यांच्या दोन्ही वह्यांत काय लिहायचं?"

मी म्हणालो, "पहिलीत सात गडी लिही. दुसरीत तो चहा."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग बूट घातले आणि आमखास मैदानावर सरावाला निघाली. दारातून परत वळून तिने विचारले, "पण त्या मॅचमध्ये अण्णांनी टाळ्या कुणाच्या ऐकल्या?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अण्णा असते तर विचारले असते.