मारिओचं आकाश नेमकं कुठल्या रंगाचं?

अवघ्या २५ रंगांत अख्खं जग उभं करणाऱ्या डब्याची गोष्ट... आणि दोन भावंडांच्या भांडणाची!

गेल्या दिवाळीत दादा बंगळुरूहून आला होता. फराळ झाला, फोटो झाले आणि रात्री लॅपटॉपवर आम्ही चक्क 'सुपर मारिओ ब्रदर्स' लावलं. पस्तिशी ओलांडलेले दोन घोडे!

पहिली लेव्हल सुरू झाली आणि मी म्हणाले, "हे आकाश चुकलंय. आपलं जांभळट होतं."
"काहीतरीच काय! स्वच्छ निळं होतं."

मी खेळायचे घरच्या टीव्हीवर. दादाचा अड्डा खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे. पैज लागली, हरेल त्याने मिसळ खिलवायची. मग काय, बसले शोधत!

तुम्हालाही आठवत असेल ना तो टीव्ही गेम? नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणारे असे कितीतरी डबे म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ मशीन जपानमध्ये १९८३ साली आलं आणि १९८५ मध्ये एनईएस या नावाने अमेरिकेत पोहोचलं.

चार वाट्यांची रांगोळी

पडद्यावर २५६ बाय २४० ठिपके. प्रत्येकाचा रंग सुटा लिहून ठेवायचा तर सुमारे ४५ किलोबाइट मेमरी हवी. मशीनमध्ये पडद्याच्या मांडणीसाठी होती फक्त २ किलोबाइट! मेमरी तेव्हा महाग होती, म्हणून इंजिनीअरांनी भन्नाट काटकसर केली.

समजा, दुकानात रांगोळीचे ५४ रंग आहेत. मशीनची रंगसूची ६४ घरांची, पण त्यात काळा बऱ्याचदा येतो, म्हणून खरे वेगळे रंग साधारण एवढेच. पण तुमच्या हातात एका वेळी चार वाट्यांचं एकच तबक. या तबकाला म्हणायचं पॅलेट. अशी चार पॅलेट पार्श्वभूमीसाठी, चार हलणाऱ्या पात्रांसाठी. प्रत्येकातली पहिली वाटी खास. पार्श्वभूमीत ती सगळ्यांची सामायिक, पात्रांमध्ये चक्क पारदर्शक. म्हणजे आठ गुणिले तीन, अधिक एक. झाले २५!

गंमत पुढेच आहे. कार्ट्रिजमधल्या चित्रांत रंग नसतातच, असतात फक्त वाट्यांचे नंबर. इथे दुसरी वाटी, तिथे तिसरी. वाटीत कुठला रंग भरायचा, ते गेम ठरवणार.

म्हणूनच मारिओमधला ढग आणि खालचं झुडूप नीट बघा. आकार एकच! पांढरा भरला की ढग, हिरवा भरला की झुडूप. लुइजी म्हणजे रंग बदललेला मारिओच. प्रश्नचिन्हाची ती वीट चमकते ना? तिथे चित्र हलत नाही, वाटीतला रंग बदलत राहतो. आणि मारिओ स्वतः फक्त तीन रंगांचा आहे. केस, मिशी, शर्ट, बूट सगळं एकाच तपकिरी वाटीतलं!

एक जाचक अटही होती. पार्श्वभूमीत १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनाला एकच पॅलेट. म्हणून तर त्या गेम्समधलं जग असं विटा मांडल्यासारखं दिसतं.

मग आकाशाचं काय?

इथे माझी विकेट पडली. मला वाटत होतं, मशीनमध्ये कुठेतरी आकाशाचा पक्का नंबर असेल, लाल एवढा, हिरवा एवढा, निळा एवढा. तसं काही नाहीच! त्यातली चिप टीव्हीला थेट सिग्नल पाठवायची. बारा छटा, उजेडाच्या चार पायऱ्या, बस्स. त्या सिग्नलचा रंग करायचा तो टीव्ही. आणि प्रत्येक टीव्हीची तऱ्हा वेगळी! अमेरिकेत तर छटा फिरवायला 'टिंट'चं वेगळं बटणच असायचं. तिथल्या एनटीएससी पद्धतीची इंजिनीअर मंडळी थट्टा करायची, की हिच्यावर एक रंग दोनदा सारखा दिसणार नाही. आपल्याकडे पद्धत पॅल, त्यामुळे सिग्नलही वेगळा. त्यात कुणाच्या घरी रंगाचं बटण फुल्ल, तर कुणाच्या घरी पिक्चर ट्यूब थकलेली.

आजच्या लॅपटॉपला मात्र पक्का नंबरच लागतो. म्हणून जुन्या मशीनची नक्कल करणारी सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, बनवणाऱ्यांना तो कुणीतरी ठरवावा लागतो. कुणी सिग्नल मोजून ठरवतं, कुणी जुन्या टीव्हीशेजारी बसून. त्यामुळे तयार पॅलेट एक नाही, कितीतरी आहेत, आणि मारिओचं आकाश कुठे निळं, कुठे जांभळट.

म्हणजे मी बरोबर? हो. आणि दादाही! माझं आकाश आमच्या हॉलमधल्या टीव्हीने रंगवलं होतं, त्याचं खालच्या मजल्यावरच्या. तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला. आमचा तर त्याच्याही आधी.

त्या रात्री सेटिंग्जमध्ये जाऊन आम्ही एकेक पॅलेट लावून पाहिलं. चौथ्या की पाचव्याला मी ओरडलेच, "हेच!" दादाने मान हलवली, माऊस हातात घेतला आणि पुढचं लावलं.

मिसळीचं बिल? अर्धं-अर्धं.