टेलनेटला रजा द्यायला लागलेली वर्षं

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत असल्याचं उघडकीला आलं आणि तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहून सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. गोव्यातल्या डिचोलीजवळच्या मुळगावात इंटरनेट यायच्या कितीतरी आधी यंत्रामध्ये दुरून सुरक्षित शिरायची ही सोय जगात तयार होती. आमच्या हातातल्या यंत्रांवर ती यायला मात्र फार वेळ लागला.

तोवर टेलनेटचं राज्य होतं. दुरून यंत्रात शिरायची 1969 पासूनची ही पद्धत सगळं उघडं पाठवते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, पण तारेवरून एकेक अक्षर जसंच्या तसं जातं. तारेवरची वाहतूक दाखवणारं वायरशार्क लावून ते वाचता येतं. हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा टेलनेटवर विसंबत नाही.

उशिराचं खापर केवळ आळसावर फोडणं बरोबर नाही. अमेरिकेने सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर निर्बंध ठेवले होते. ते मोठ्या प्रमाणात सैल झाले 2000 साली. सिस्कोच्या यंत्रात एसएसएच हवं तर सहसा नावात ‘के9’ असलेलं वेगळं सॉफ्टवेअर लागे. ते नसेल तर ‘क्रिप्टो’ हा आदेशच यंत्राला कळत नसे.

पुढे गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने सरकारी कचेऱ्या आणि पंचायती जोडायला घेतल्या, आणि दुरून यंत्र सांभाळणं डिचोलीतही रोजचं काम झालं. यंत्र मुळगावात, सांभाळणारा पणजीत. एक आदेश चुकला की भर पावसात कन्सोल केबल घेऊन गाव गाठायचं. म्हणून कामाचा क्रम जपावा लागतो. आधी यंत्राला स्वतःचं नाव आणि डोमेन द्यायचं. नाव ‘राउटर’च ठेवलं तर सांकेतिकीकरणाची किल्ली तयार होत नाही. किल्ली 2048 बिटांची घ्यायची. जुन्या यंत्रांवर नुसतं एंटर दाबलं की 512 ची किल्ली बने, आणि एसएसएचची दुसरी आवृत्ती 768 च्या खाली चालतच नाही. पहिल्या आवृत्तीतले दोष 1998 पासून माहीत आहेत. तिच्यावर समाधान मानू नये. मग स्थानिक वापरकर्ता तयार करायचा आणि शेवटी फक्त एसएसएचला वाट देणारा ‘ट्रान्स्पोर्ट इनपुट एसएसएच’ हा आदेश. त्याआधी दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू करणारा ‘रीलोड इन 10’ देऊन ठेवायचा. चालू खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत शिरून बघायचं. जमलं तर रीलोड रद्द करून बदल जतन करायचा. नाही जमलं तर दहा मिनिटांत यंत्र पूर्ववत होतं. ही सवय मला कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाची वाटते.

2016 मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने टेलनेट उघडं असलेले कॅमेरे आणि घरगुती राउटर कारखान्यातल्या मूळ पासवर्डांनी काबीज केले, तेव्हा टेलनेटचा धोका जगाला दिसला. 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि नोंदी 180 दिवस राखणं बंधनकारक केलं. कोण कधी आत शिरलं हे सांगायचं तर प्रत्येकाचं वेगळं खातं हवं. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड आता चालणार नाही.

शाळेतला, पतसंस्थेतला, पंचायतीतला जो राउटर तुमच्याकडे असेल, त्यावरचं टेलनेटचं 23 क्रमांकाचं पोर्ट आजच तपासा. उघडं असेल तर आधी एसएसएच चालू करून पाहा आणि मगच ते बंद करा.