परसात कोंबड्याही, भाजीही

मृगाचा पाऊस पडला की घरातील भगिनी परसात मेथी, गवार, दोडका लावतात. आठवडाभरात कोंब वर येतात आणि एके दिवशी सकाळी कोंबड्या सगळा वाफा उकरून ठेवतात. मग घरात ठरलेला वाद सुरू होतो. कोंबड्या विकायच्या, की बाग सोडून द्यायची? आमच्या आईने एका वर्षी रागाने सगळ्या कोंबड्या विकल्या. मेथी वाचली, पण तिचा अंड्यांचा हातखर्च गेला आणि आम्हा मुलांच्या ताटातले अंडेही गेले. शेतकरी बंधू-भगिनींनो, थोडे नियोजन केल्यास दोन्ही एकाच परसात नांदू शकतात.

कोंबडी का उकरते?

माती उकरून किडे, अळ्या व बी शोधणे हा कोंबडीचा स्वभावच आहे. अंगावरील उवा घालविण्यासाठी ती कोरड्या मातीत लोळते. नवा भुसभुशीत वाफा तिला या कामास सोयीचा वाटतो. म्हणून नुसते हाकलत बसण्यापेक्षा तिला दुसरी जागा द्यावी. पाऊस लागणार नाही अशा आडोशाला उथळ खड्डा करून त्यात कोरडी माती व चुलीतील राख टाकावी. उकिरडाही तिला उकरण्यास मोकळा ठेवावा.

कुंपण बागेला घालावे

कोंबड्या कोंडल्यास खाद्याचा खर्च वाढतो. त्यापेक्षा वाफ्यांनाच कुंपण करावे. तुरकाठ्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या दाट रोवून 4 ते 5 फूट उंच कूड करावा. खालची बाजू वीतभर मातीत गाडावी. वरच्या टोकाला आडवी काठी बांधू नये, कारण कोंबडी तिच्यावर बसते आणि मग आत उतरते. तरीही एखादी उडून येत असल्यास तिच्या एकाच पंखाची पूर्ण वाढलेली मोठी पिसे कापावीत. तोल जात असल्याने तिला उंच उडता येत नाही. मात्र अशा कोंबडीला कुत्र्या-मुंगसापासून निसटणे अवघड जाते, हे लक्षात ठेवावे. जुनी पिसे झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात.

भाज्यांची मांडणी

पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो व सर्व रोपे कुंपणाच्या आत घ्यावीत. शेवगा, कढीपत्ता, पपई, केळी व मांडवावरील दोडका, कारली बाहेर चालतात. रोपे लहान असेपर्यंत बुंध्याभोवती बोराटीच्या फांद्या किंवा दगड ठेवावेत.

खत कुजवूनच द्यावे

कोंबडीच्या विष्ठेत नत्र भरपूर असते. ताजी विष्ठा दिल्यास मुळे जळतात. तिच्यात रोगजंतूही असू शकतात, म्हणून कच्च्या खाण्याच्या भाजीला ती मुळीच देऊ नये. खुराड्यात पालापाचोळा अंथरावा. तो काढून खड्ड्यात ओलसर ठेवावा, अधूनमधून वरखाली करावा व चांगला कुजल्यावरच वापरावा.

औषधांबाबत सावधगिरी

दाणेदार कीटकनाशक व औषध चोळलेले बियाणे कोंबडी दाणे समजून टिपते आणि मरते. औषधाचा अंश अंड्यातही उतरू शकतो. त्यामुळे परसबागेत विषारी औषधे वापरू नयेत. रस शोषणाऱ्या किडींसाठी 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे अंगणात सांडू देऊ नये.

हंगामाच्या शेवटी

भाजी निघाल्यावर मात्र कुंपणाचे दार उघडावे. 8-10 दिवसांत कोंबड्या मातीतील अळ्या, कोष व तणांचे बी वेचून काढतात. नंतर त्या वाफ्यात कोथिंबिरीऐवजी मांडवावर चढणारा वेल घ्यावा. जी कोंबडी जूनमध्ये बागेची शत्रू वाटते, तीच हंगाम संपल्यावर बिनपगारी मजूर ठरते. यंदा कोंबड्या विकण्यापूर्वी एकदा कूड घालून पाहावा.