नानांची बुलेट आणि पुतणीची उंची

आमच्या घरीं वडिलांच्या वस्तूंस हात लावण्याची चाल नाहीं. त्यांच्या घड्याळाची किल्ली, चष्म्याचें घर आणि अंगणांतील १९७४ सालची बुलेट, सारें जेथल्या तेथें आहे. पैकीं बुलेट मात्र चालती असून ती अलीकडे माझ्या पुतणीनें वापरावयास घेतली. वडील चांगले उंच. पुतणी त्यांच्या खांद्यास लागेल एवढी. महिन्याभरांत तिचीं मनगटें दुखूं लागलीं, करंगळी व अनामिका बधिर होऊं लागल्या. आणि एके दिवशीं घराजवळच्या चढावर थांबतांना तिचा पाय जमिनीस पुरला नाहीं व दीडशे किलोंहून अधिक वजनाची ती गाडी तिच्या पोटरीवर कलंडली. हाड वांचलें हें नशीब.

वहिनींनीं गाडी विकण्याचें ठरविलें. थोरले बंधु म्हणाले, "विकावयाची नाहीं, आणि बदलावयाचीहि नाहीं. नानांनीं ठेवली तशीच उभी राहूं दे." पुतणी एवढेंच म्हणाली, "काका, गाडी वाईट नाहीं हो. ती माझ्या अंगाला बेतलेली नाहीं."

मला तिचें म्हणणें पटलें. ही गाडी मुळांत इंग्लंडांतील रेडिच येथील; १९५५ पासून ती मद्रासेस जुळविली जाऊं लागली. तीवर पुढें कोण बसणार हें कारखान्यास कोठून ठाऊक असणार? म्हणूनच तिचे कांहीं भाग मुद्दाम सरकते ठेवलेले असतात. आपण मात्र ते कधीं सरकवीत नाहीं, आणि दुखण्याचा दोष आपल्या पाठीस देतों.

बहुतेक लोक प्रथम हँडलास हात घालतात. आरंभ बैठकीपासून करावा, कारण बैठक बदलली कीं हाताची उंची आपोआप बदलते. पाय पुरत नाहींत म्हणून सीटचा फोम सरसकट कापवून घेणें हा उपाय गैरसोयीचा. त्यानें गुडघे अधिक दुमडतात व खड्ड्यांचा दणका थेट कण्यास बसतो. पाय जमिनीस पुरणें हें केवळ उंचीवर नसून मांड्यांमध्यें येणाऱ्या रुंदीवरहि अवलंबून असतें. आम्हीं सीट शिवणाऱ्या कारागिराकडून पुढच्या दोन्ही कडा तेवढ्या निमुळत्या करून घेतल्या. जाडी तशीच ठेविली. पुतणीच्या टाचा अजूनहि पुरत्या टेकत नाहींत, परंतु चवडे भक्कम टेकतात. गाडीच खालीं बसविण्याची सूचना एकानें केली होती. ती मीं मानली नाहीं. तसें केल्यास वळणावर खालचे भाग रस्त्यास घांसतात, आणि बाजूच्या स्टँडवर गाडी फार सरळ उभी राहून पलीकडे पडूं पाहते.

पुढें पाय. या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं, म्हणजे आजच्या गाड्यांच्या अगदीं उलट. गिअरची दांडी दातेरी दांड्यावर बसते. बोल्ट ढिला करून ती एक दांता खालीं घेतली, तेव्हां फूटरेस्टवरचा पाय न उचलतां बोटें तिच्याखालीं जाऊं लागलीं. ब्रेकचें पेडलहि तसेंच थोडें उतरविलें. तें उतरविल्यावर मागच्या चाकाकडील ब्रेकची नट व ब्रेकचा दिवा पुन्हा पाहिलाच पाहिजे, नाहींतर ब्रेक सदा चिकटून राहतो किंवा दिवा लागत नाहीं.

हाताचें काम सर्वांत नाजूक. अंगाचा भार तळहातावर पडला कीं करंगळीच्या बाजूनें जाणारी नस दबते. कोंपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी ती हीच नस. त्यांत एका सिलिंडरची धडधड! हँडल किंचित् मागें फिरविलें, तसे कोंपर जरासे वांकले व भार पाठीनें घेतला. नंतर क्लच व ब्रेकच्या लिव्हर इतक्या झुकविल्या कीं हात, मनगट आणि बोटें एका रेषेंत यावींत. मग इंजिन चालूं ठेवून हँडल दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून पाहिलें. इंजिनाचा वेग आपोआप वाढला तर केबल ताणली जात आहे असें समजावें; तशी गाडी रस्त्यावर नेणें म्हणजे ऐन वळणावर ती पुढें उसळूं देणें. आमची केबल एकदां ताणली गेली; ती दुसऱ्या वाटेनें ओढून घेतली.

हें सर्व एका दिवसांत केलें नाहीं. रविवारीं एक फेरफार करावा, आणि आठवडाभर गाडी चालवून मगच दुसरा. दोन औषधें एकदम घेतल्यावर कोणत्यानें गुण आला हें कोण सांगणार?

हँडल सोडविलें त्या दिवशीं बंधु ओसरीवर पाठ फिरवून बसले होते. क्लँप निघाल्यावर नळीवर कानशीनें ओढलेल्या दोन बारीक रेघा दिसल्या. एक मूळ जागेची, दुसरी तिच्या थोडी पुढें. मीं त्यांना हांक मारली. त्यांनीं चष्मा लावून त्या रेघा पाहिल्या, अंगठ्यानें चांचपल्या. नानांनींच कधीं काळीं हँडल आपल्या लांब हातांसाठीं पुढें सारलें होतें. बंधु कांहीं बोलले नाहींत. आंत जाऊन त्यांनीं कानस आणली, आणि पुतणीस गाडीवर बसवून तिसरी रेघ स्वतः ओढली.

बधिरपणा आतां गेला आहे. मनगट लांबच्या प्रवासांत अद्याप थोडें कुरकुरतें. परवां बंधु तिच्या मागें बसून मंडईपर्यंत गेले. मागची बैठक फार टणक आहे अशी त्यांची तक्रार आहे. ती येत्या रविवारीं पाहावयाची आहे.